हिऱ्याच्या चाकाला लागणारं पाणी

दुष्काळात सगळ्यांचे धंदे बसले, आमचा तेवढा चालला, आणि त्याचाच मला वीट आला होता. बीडमधल्या आमच्या कारागिरांच्या सहकारी संस्थेत, म्हणजे नाव मोठं आणि पत्र्याचं एक शेड, मी बोअर पाडणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रिगच्या, बिटांना धार लावायचो. बिटाच्या तोंडावर कार्बाइडची बटणं असतात. खडक फोडून ती सपाट झाली की पुन्हा गोल करायला हिऱ्याचं चाकच लागतं. नावाला हिरा, दिसायला नुसती काळपट भुकटी. त्यावर पाण्याची धार सतत नसली तर चाक जळून वाया जातं. म्हणून संस्थेचा नियमच होता: बिट आणणाऱ्यानं पाणीही आणायचं.

रिगवाले कॅन आणायचे. त्या दुपारी मात्र नेकनूरकडची एक बाई आली. तिच्या शेतात रिग अडकली होती. रिगवरच्या माणसाच्या खांद्यावर बिट, आणि हिच्याकडे फडकं बांधलेली कळशी. एसटीत मांडीवर धरून आणलेली.

मी पाणी टाकीत ओतलं, चाक सुरू केलं. ती शेजारी बसून पाण्याकडेच बघत राहिली. काम संपल्यावर तिनं रिकामी कळशी पुढं केली. "द्या माजं पानी."

मला आधी समजलंच नाही. बाईला वाटलं होतं, चाक भिजवून झालं की पाणी परत मिळतं. टाकीत तर करडा चिखल झाला होता.

"मावशी, यात धातूचं पीठ हाय. प्यायचं न्हाई."

"म्हशीला पाजते."

"म्हैस मरंल."

तिनं कोपऱ्यातल्या पिंपाकडं बोट केलं. असलंच पाणी आम्ही तिथं निवळत ठेवायचो, चाकाला पुन्हा वापरायला. "मग ते कावून ठिवलंय? मशीनला चालतं, आन् माज्या म्हशीला न्हाई?"

मी चिडलो. पाणी शोधणाऱ्यांकडूनच पाणी मागायचं आणि वर त्यांनाच समजवायचं, रोज तेच.

मला हे काम शिकवणारे म्हातारे चाचा मधे पडले. "गप बे," मला म्हणाले, आणि माठातला तांब्या भरून तिच्यापुढं धरला.

तिनं एका दमात तो संपवला. मग दुसरा.

"सकाळपून घोट न्हवता," पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. "कळशीतलं कसं पिऊ? ते परत घरी लेकरांला न्यायचं होतं."