शेंगदाणा म्हणजे हो

"हात वर करा बघू!" शेजारच्या काकूंचं कुठलंही बोलणं इथे येऊन थांबायचं. जन्मभर नागपूरच्या शाळेत शिकवून त्या मिशिगनला मुलाकडे आल्या, पण वर्ग काही सुटला नव्हता. मिसळ की पावभाजी? हात वर. हीटर वाढवायचा? हात वर. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवता ठेवता मी कितीदा तरी मत देऊन बसले आहे.

२००८च्या निवडणुकीत मिशिगनच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली एक भलताच हो-नाहीचा प्रश्न आला. आजारी माणसांना डॉक्टरांच्या शिफारशीनं गांजा वापरू द्यावा का? आमच्या मराठी मंडळात नुसता धुमाकूळ! "अरे यार, उद्या पोरं लंचबॉक्समध्ये नेतील!" "मॉम, प्लीज! इट्स मेडिसिन!"

काकू नुकत्याच सिटिझन झालेल्या, पहिलंच मत. काकांचा अर्ज आजारपणात राहून गेला होता. केमोनंतर त्यांच्या पोटात वरणाचं पाणीसुद्धा ठरत नव्हतं. कायदा झाला तर काही करता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. हे काकूंनी फक्त मला सांगितलं होतं.

भोंडल्याला हत्तीभोवतीचा फेर संपला आणि खिरापत ओळखायच्या ऐवजी काकूंनी सभाच घेतली. "गांजा नको म्हणणाऱ्यांनी हात वर!" झाडून सगळे हात वर. समोर सासवा बसलेल्या, कोण खाली ठेवील? काकूंचाही वर.

"हवा म्हणणारे?"

कोपऱ्यातल्या खुर्चीतून एकच हात वर आला. काकांचा. स्वेटरच्या बाहीत हरवलेला.

"तुम्ही ग्रीन कार्डवाले, तुम्हाला मत नाही," काकू म्हणाल्या. सगळे हसले, काकाही. काकूंचा चेहरा मात्र मला बघवेना.

"थांबा," त्या एकदम म्हणाल्या. "या वर्गात कॉपी झालीय." शेंगदाणा म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. एकेकीनं स्वयंपाकघरात जायचं आणि झाकणाच्या डब्यात टाकून यायचं.

डबा ताटात उपडा केला तर काय! शेंगदाण्यांचा ढीग आणि हरभरे बोटांवर मोजण्याइतके. बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

"आई, तुम्हीसुद्धा?"

"माझे गुडघे दुखतात," एक सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी मी काकूंना शाळेच्या जिममध्ये नेलं. मी तेव्हा व्हिसावर, त्यामुळे नुसती ड्रायव्हर. पुठ्ठ्याच्या आडोशामागे काकू दिसेनाशा झाल्या, आणि थोड्या वेळानं आडोशाच्या वर एक ताठ हात आला. बांगड्या खळखळल्या. तिथली बाई धावलीच. "मॅम, डू यू नीड हेल्प?"

"नो, नो," आतून आवाज आला. "ओन्ली व्होटिंग."

दाराशी मी पोट धरून हसत होते. गाडीत बसल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी ह्यांचा एकट्याचाच हात होता गं." मग मात्र मला हसू आलं नाही.

प्रस्ताव मंजूर झाला. नियम ठरून परवान्याचा कागद हातात येईपर्यंत काका थांबले नाहीत. काकू नागपूरला परत गेल्या.

आता मलाही मत आहे. त्याच जिममध्ये जाते, मतपत्रिकेवर खुणा करते आणि आडोशाच्या वर हात करते. कुणीतरी धावत येतंच.

"ओन्ली व्होटिंग," मी सांगते.