समोरच्या दारातला सांबार

चार मुलखांची माणसं एका जिन्यावर राहायला आली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. भिलाईतल्या आमच्या ब्लॉकमध्ये तर निम्मे किस्से एकाच शब्दानं घडवले. आम्ही भंडाऱ्याकडचे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आणि समोरच्या दारात राहायची तमिळ लक्ष्मी. तिच्याकडचा सांबार कोणता, हे सांगायला नकोच.

*

लग्न होऊन मी नुकतीच आले होते. एका सकाळी मिस्टरांचे प्लांटमधले साहेब चहाला आले. पोहे झाले, पण वरून टाकायला सांबार नाही. मी समोर धावले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत थोडा मागितला. लक्ष्मी म्हणाली, उकळतोय, जरा थांब.

सांबार उकळतात कावून, मले काही कळेना.

थोड्या वेळानं ती गंजभर, म्हणजे चांगलं पातेलंभर, वाफाळता सांबार घेऊन थेट बैठकीत. साहेबांनी तो पोह्यांवर ओतून घेतला, परत मागितला आणि जाताना मिस्टरांना म्हणाले, "भाभीजी का पोहा कुछ अलग ही है."

*

आमच्या सासूबाई कोथिंबिरीला धनिया म्हणायला कधीच तयार झाल्या नाहीत. जवळच्या कुरुद गावची एक छत्तीसगढी भाजीवाली टोपली घेऊन यायची. पहिल्यांदा सासूबाईंनी सांबार मागितला, तर तिनं लक्ष्मीच्या दाराकडे बोट दाखवलं. "मदरासी मन घर मिलही, दाई." मद्राश्यांच्या घरी मिळेल म्हणे.

सासूबाईंनी मग चिकाटीनं तिला शब्द शिकवला. एक दिवस ती जिन्याखालून "सांबार ले लो" असं ओरडली. लक्ष्मी पातेलं घेऊन खाली उतरली.

*

आमचा बंटी आणि लक्ष्मीचा रवी एकाच वर्गात. मातीत काय काय उगवतं, असं मॅडमनी विचारलं. बंटीनं सांगितलं, सांबार. सगळा वर्ग हसला. बंटी रडवेला झाला, तेव्हा रवी दोस्तासाठी उभा राहिला.

"मॅडम, इनके घर में उगता है. हमारे घर में पकता है."

*

धाकटी जाऊ पुण्याची. तिला सासूबाईंचा फार धाक. पहिल्याच सणाला वड्यांचं काम तिच्याकडे आलं. बेसनाच्या पारीत सांबार भरायचा आणि तळायचा, एवढंच सासूबाईंनी सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले तर हिनं तुरीची डाळ शिजवलेली, आणि डोळ्यांत पाणी. पातळ सांबार पारीत राहणार कसा, असं मला विचारत होती. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "बारीक चिरजो वं."

तिनं डाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, चिरू?"

*

एका वर्षी सासूबाईंना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण त्यांनी अन्नच सोडलं. वरण-भात, पेज, काही म्हणता काही घेईनात. पोटात काही गेलं नाही तर भरती करावं लागेल, असं डॉक्टर बोलून गेले. आमचे सगळे उपाय थकले.

तेव्हा लक्ष्मीची आई गावाहून आलेली होती. तिला तमिळशिवाय काही येत नव्हतं, सासूबाईंना भंडाऱ्याच्या मराठीशिवाय. तरी दुखण्याच्या आधी दोघी दुपारभर जिन्यात बसून बोलायच्या. काय बोलायच्या, त्यांनाच ठाऊक.

त्या दुपारी अम्मा वाटीत सांबार-भात कालवून घेऊन आल्या. मला बाजूला केलं, उशाशी बसल्या आणि हातानं घास पुढे केला. सासूबाईंनी तोंड फिरवलं. अम्मांनी हात मागे घेतला नाही. रागावल्यासारखं तमिळमध्ये बोलत राहिल्या. शेवटी सासूबाईंनी तोंड उघडलं. एक घास गेला, मग दुसरा. दाराआड मिस्टर डोळे पुसत उभे होते.

वाटी निम्मी झाली तेव्हा सासूबाई इतक्या दिवसांनी धड बोलल्या. "चांगलं हाय वं बाई. पन वरून सांबार नाही टाकला."

अम्मांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्या उठल्या, आमच्या गॅलरीत गेल्या, कुंडीतल्या चार हिरव्या काड्या खुडल्या आणि वाटीत टाकल्या.