सुट्टी न सोसणारा माणूस

शेडमध्ये त्याला सगळे दादा म्हणत. वेल्डिंगचा हात साफ, पण एक खोड होती: सुट्टी घ्यायची नाही. आठवड्याच्या सुट्टीलाही अर्धं शटर वर करून तो पाइप जोडत बसायचा.

"आराम आपल्याला सोसत नाही," तो म्हणायचा. "घरी बसून परत आलो की संध्याकाळी तापलोच."

ते खोटं नव्हतं. सुट्टीनंतर कामावर आला, की दिवेलागणीला तोंडात धातूची गोडसर चव यायची. मग हाडं ठणकायची, थंडी भरायची. सकाळी काहीच नाही. बायको गरम दूध पुढे ठेवत म्हणायची, "जगाला काम करून ताप येतो, तुम्हाला न करून."

लेक दूर दिलेली. नातू रांगू लागला, तरी आजोबांनी त्याला पाहिलं नव्हतं. हल्ली लेक फोनवर 'या' म्हणत नसे. तेच त्याला जास्त लागायचं.

एकदा हे बोलणं नव्याने आलेल्या वेल्डरबाईच्या कानावर पडलं. "दादा, ताप सुट्टीचा नाही, जस्ताचा. पाइपावरचा मुलामा जळतो, तो पांढरा धूर तुम्ही ओढता. रोज ओढलात की अंग गप्प बसतं. दोन दिवस सुटलं की बोंबलतं."

"गप्प बसतं ना? मग झालं तर."

"गप्प बसलेली सून सुखी असते का हो?"

त्याच आठवड्यात सुट्टी काढून तो लेकीकडे गेला. नातू आधी रडला, मग त्याच्या छातीवर झोपला. श्वास घेताना आपल्या छातीत वाजणारी बारीक शिट्टी बाळाला झोपेतही ऐकू येत असेल, असं दादाला उगाच वाटत राहिलं.

परतल्यावर त्याने नाकातोंडावर फिल्टरचा मास्क बांधला, जोडापाशी मुलामा ग्राइंडरने घासून काढला, धूर दाराकडे जाईल असा पंखा लावला.

"दादा, पाइप सोलताय की बटाटे?" कुणीतरी ओरडलं. तो घासत राहिला. काम निम्मंच झालं.

संध्याकाळी बायकोने सवयीने गोधडी काढून ठेवली. दोघं वाट पाहत बसली. तोंडात फक्त दुधाची चव.

"आला?"

"नाही."

तिने गोधडीची परत घडी घातली.

"म्हणजे बाळ झालं, तेव्हाही जाता आलं असतं," तो म्हणाला.

ती घडीवरून हात फिरवत राहिली. "दूध संपवा," म्हणाली, "निवतंय."