मिशरीचं बोट

प्रभू माझी प्रार्थना ऐकतो की नाही, ही शंका मला आयुष्यात फारशी आली नाही. माझी काळजी उलटी होती. त्यानं सगळंच ऐकलं असेल तर काय, ही. कारण एक गोष्ट मी सत्तेचाळीस वर्षं प्रार्थनेत सांगायची टाळत आले. रोज गुडघे टेकायचे, लेकरांची, नातवंडांची, आजाऱ्यांची नावं घ्यायची, पावसाचं बोलायचं, आणि त्या गोष्टीपाशी आलं की घाईनं आमेन म्हणून उठायचं. आता वय एकाहत्तर. सांधेवातानं बोटं वाकडी झालीत, त्यामुळे अक्षरही वाकडं येतंय. पण ही साक्ष दुसऱ्या कुणाच्या हातून लिहून घेण्यासारखी नाही, कारण गोष्ट माझ्याच बोटाची आहे.

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या कडा गावाजवळ. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, लहान, पत्र्याचं. मंडळी तीसेक घरांची. शहरातल्या देवळांत प्रभुभोजनात वाटायला पातळ पांढऱ्या चकत्या असतात असं ऐकते. आमच्याकडे पहिल्यापासून ज्वारीची भाकर. पेल्यात मनुका भिजवून काढलेला रस, आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेली एक भाकर. ती भाकर बायकांनी पाळीनं करायची आणि पाळी माझी सासू लावायची. पाळी मिळणं म्हणजे मान. ज्या बाईला पाळी नाही, तिच्याबद्दल लोक काय बोलत असतील ते सांगायला नको.

ती गोष्ट घडली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. त्या चोवीस वर्षांच्या बाईबद्दल मला आज चांगलं बोलवत नाही, हसू मात्र येतं. सातवी पास, म्हणून पाय जमिनीला लागत नव्हते. उपासनेत गाणं म्हणताना सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढं असायची, म्हणजे हिला पाठ आहे हे मागच्या रांगेपर्यंत कळावं. आणि एवढी भक्तीण असून चोरून मिशरी लावायची. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून डबीत भरायची आणि डबी कणगीच्या मागं लपवायची. एकदा सासूला ती सापडली. तिनं डबी चुलीत घातली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुन्हा दिसली तर पोटातल्यासकट म्हायेरी नेऊन घालीन." मला दिवस गेले होते. सासूचा हातही चालायचा आणि शब्दही खरा व्हायचा. दुसरी कुणी असती तर शहाणी झाली असती. मी दुसरी डबी आणली आणि जागा बदलली.

त्याच साली सुमन आमच्या मंडळीत सून म्हणून आली. तिची माणसं ऊसतोडीला जाणारी. वर्षातले सहा महिने ती उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मला अक्का म्हणायची. तिच्या पहिल्या पाळीला पाळकसाहेब भाकर मोडताना म्हणाले, "आज भाकर फार मऊ आहे." एवढंच. माझ्या भाकरीबद्दल त्यांनी कधी काही म्हटलं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस मी त्या एका वाक्यावर जळत होते. माणसाला जळायला किती कमी सरपण लागतं, हे मी स्वतःवरून सांगते.

तिच्या दुसऱ्या पाळीच्या रविवारी फडकं सोडून भाकर ताटात ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी सकाळी परसात मिशरी लावली, चूळ भरली आणि बोट धुवायचं विसरले. भाकर उचलली आणि तिच्या पांढऱ्या पापुद्र्यावर काळा ठसा उमटला. टेबलाजवळ सासू आली, वाकली, वास घेतला. आम्ही दोघीच तिथं उभ्या होतो, सुमन आणि मी. माझा सहावा महिना चालू होता.

"भाकर कुणाची?" सासूनं विचारलं.

"सुमनची," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. भाकर सुमनचीच होती. पुढं कितीतरी वर्षं मी याच एका गोष्टीला धरून बसले, की मी खोटं बोलले नाही. सासूनं सुमनला विचारलं, "मिशरी लावतीस का गं?" सुमननं माझ्या हाताकडं पाहिलं, मग खाली मान घातली. एक शब्द बोलली नाही. सासूनं तिची पाळी कायमची बंद केली. बायका कुजबुजल्या, तिच्या घरचेही तिला बोलले. मी हात पदराखाली घेऊन उभी होते. दिवाळीच्या सुमाराला ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली आणि परत आमच्या गावात आली नाही. शिरूर कासारकडच्या कुठल्याशा वाडीत तिचं माहेर, तिकडं राहिली म्हणून कळलं.

त्यानंतर मी देऊळ झाडायला लागले. दर शनिवारी, कुणी न सांगता. बाळंतपणातून उठले तशी सुरुवात केली ती गुडघे दुखायला लागले तरी सोडली नाही. लोक कौतुक करायचे. मला वाटायचं, इतकी वर्षं झाडतेय, कधीतरी तो एक डागही निघून जाईल. सासू गेली, मालक गेले, मंडळीत सगळ्यात म्हातारी मीच उरले, पाळ्याही मीच लावायला लागले. तो डाग तसाच होता.

यंदा झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आठवडाभर आधी, नव्या पाळकसाहेबांनी उपदेश केला. कोवळं पोरगं, मिशा अजून नीट आल्या नाहीत. म्हणाले, कुणाचं मन दुखवलं असेल तर टेबलाकडं येण्याआधी त्याच्याकडं जाऊन या. हे मी शंभरदा ऐकलं होतं. पण त्या दिवशी ताट माझ्यासमोर आलं आणि माझा हात उठेना. सांधे आखडले म्हणावं तर सांधे बरे होते. मी मान हलवली, ताट पुढं गेलं. साऱ्या मंडळीनं पाहिलं. आजीनं भाकर सोडली, हे दुपारपर्यंत गावभर झालं. माझ्या मनात एकच होतं, की सुमन जिवंत असेल तर तिला भेटल्याशिवाय मी आता ती भाकर खाऊ शकत नाही, आणि नसेल तर मरेपर्यंत नाही.

मंगळवारी मी निघाले. नात म्हणाली, "आजी, मी येते बरोबर. तुला गाडीची पाटी दिसत नाही."

"मला शिकवू नको. मी सातवी पास आहे," मी म्हणाले आणि चष्मा फळीवर विसरून निघाले. चोवीस वर्षांची ती बाई मेली नव्हती, हे लक्षात घ्यावं.

कड्याच्या स्टँडवर जी गाडी पहिली लागली तिच्यात बसले. खिडकीशी बसून शुद्ध भाषेत क्षमा मागायचा पाठ करत होते: माझ्या हातून घोर अपराध घडला, वगैरे. तास-दीड तासानं कंडक्टर पुन्हा माझ्यापाशी आला. मघाशी तिकीट देताना मी शिरूर म्हटलं ते त्याला गर्दीत नीट कळलं नव्हतं. आता म्हणाला, "आज्जी, ही गाडी शिरूरला न्हाई जात. हितं फाट्यावर उतरा, मागून येती दुसरी." उतरले. एप्रिलचं ऊन, सावलीला एक बाभूळ. एक तास गेला, गाडी आली नाही. पाण्याची बाटली संपली. डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. मी प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थनेत पहिल्यांदा ती गोष्ट तोंडातून बाहेर पडली. मोठ्यानं म्हणाले, देवा, मिशरी माझी होती, आणि आता तुझं तू बघ, मला गाडीसुद्धा नीट धरता येत नाही.

थोड्या वेळानं मेंढरं आली. त्यांच्या मागं एक धनगर. मला बघून थांबला, आपल्या डब्यातलं पाणी दिलं.

"कुनीकडं जायचंय, आज्जे?"

"शिरूरला."

"आता सांजपातुर गाडी न्हाई. चल, त्या वाडीत एक म्हातारी हाय. येनाऱ्या-जानाऱ्याला भाकर घालती. तिच्याकडं बस घडीभर."

मी त्याच्या काठीला धरून, मेंढरांच्या धुळीत, एखाद्या चुकलेल्या मेंढरासारखीच चालले. मेंढपाळ आणि चुकलेलं मेंढरू हा पाठ मी रविवारच्या शाळेत वीस वर्षं शिकवला आहे. इतकी शब्दशः वागणूक मिळेल असं वाटलं नव्हतं.

वाडीतल्या घरासमोर लिंबाचं झाड, त्याखाली मातीची चूल. एक म्हातारी पालथ्या डब्यावर बसून भाकरी थापत होती. चष्मा नव्हता, तोंड काही दिसलं नाही. पण थापायचा आवाज ऐकला आणि मी जागीच थबकले. दोन थापा, मग थोडं थांबणं, मग दोन थापा. तसं थापणारी मी आयुष्यात एकच पाहिली होती.

"बस, आज्जे. इतक्या उन्हाची कावून निघालीस?" ती म्हणाली.

"सुमन व्हय तू?"

हात थांबले. "अक्का?"

पाठ केलेलं सगळं विसरले. तोंडातून एवढंच आलं, "मिशरी माजी होती."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. "ठावं हाय."

"ठावं हाय?"

"तुज्या बोटाला होती की काळी. मला काय डोळं नव्हतं?"

"मग बोलली कावून न्हाईस?"

"काय बोलू? तुला सहावा लागल्याला. तुजी सासू म्हायेरी घालनार, हे सगळ्या आळीनं ऐकल्यालं. माजं काय, पाळी जायाची, चार बाया बोलायच्या. म्हनलं, घेऊ माज्या नावावर. लेकरू तरी बापाच्या घरी जन्मंल."

मी तिथंच मातीत बसले. माझा थोरला त्याच घरात जन्मला, आज त्याला नातू व्हायची वेळ आली. मी रडत होते, ती भाकर शेकत होती, आणि धनगर बिचारा, आपण कुठं येऊन पडलो असं वाटून अवघडलेला, मेंढरं मोजत होता.

"सुमे, मी सत्तेचाळीस वर्षं दर शनवारी देऊळ झाडलं गं," मी म्हणाले.

ती इतकी हसली की डब्यावरून कलंडायची राहिली. "मग देऊळ लई चकचकीत झालं आसंल. पर अक्का, मी उभा जलम ऊस तोडला. जेवढा तोडला तेवढ्याची मजुरी भेटती. माफी काय मजुरी हाय व्हय, झाडून झाडून कमवायला?"

"तू कवा माफ केलंस?"

"पयल्याच सालाला, फडावर. लई रडायची मी. रडता रडता रोज भाकर करपायची, मालक उपाशी. मग एक दिवस म्हनलं, देवा, ह्ये तू घे आता, मला सैपाक करायचाय."

मी सत्तर वर्षं ऐकत आले की माझा दोष प्रभूनं क्रुसावर जाताना आपल्यावर घेतला, आणि तो घेताना तोंड उघडलं नाही. हे मला पाठ होतं, सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढं. पण ते कसं दिसतं हे मी पाहिलं नव्हतं. वाडीत, लिंबाखाली, पालथ्या डब्यावर बसलेल्या बाईत मला ते दिसलं. मी क्षमा मागायला निघाले होते. ती माझ्या आधी कितीतरी वर्षं तिथं जाऊन बसली होती, चूल पेटवून. चुकीच्या गाडीनं मला तिच्या दारात कसं सोडलं, याचा हिशेब मी मांडत नाही. कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी त्या गाडीला नमस्कार करते.

ती म्हणाली, आधी खाऊन घे. मी भाकर घेतली. तिनं चुलीतल्या वांग्याचं भरीत वाढलं. धनगरालाही बसवलं. तिघांनी एकाच ताटातून खाल्लं आणि माझा हात एकदाही अडला नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, सुमन आमच्या घरी होती. पहाटेच्या उपासनेची पाळी मी लावली: सुमन. पीठ तिनं मळलं. म्हणाली, "तूबी थाप." मी बोटं दाखवली. तिनं माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि चार हातांनी आम्ही एक भाकर थापली. नकाशातल्या बीड जिल्ह्यासारखा तिचा आकार झाला. थापण्याआधी माझा उजवा हात तिनं उलटसुलट करून पाहिला. "धुतलास नव्हं?" म्हणाली.

देवळात मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सासूचं नाव, डबीची जागा, बोट, सगळं. सुमनची पाळी चुकीनं गेली होती आणि तोंड मी बंद ठेवलं होतं.  मग माझ्याहून वर्षभरानं लहान मार्थाबाई पहिल्या रांगेतून म्हणाली, "आता तरी सुटली का गं मिशरी?"

"दात गेले तशी सुटली," मी म्हणाले.

आधी पाळकसाहेब हसले, मग सारी मंडळी. त्या हसण्यात मार्थाबाई उठली, सुमनकडं गेली आणि तिला पुढं घेऊन आली. एकेक म्हातारी तिला हात लावून गेली. बाहेर उजाडत होतं. ढोलकीवर थाप पडली, मरण हरल्याचं गाणं सुरू झालं आणि पत्रे थरथरायला लागले. मी जन्मात पहिल्यांदा अर्धी ओळ मागं पडले. सुमन शेजारी उभी होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती माझ्यासाठी थांबत होती.

ताट आलं. माझ्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर तव्याचा काळा डाग होता. मी तो आधी पाहिला, मग खाल्ला.

देवाची कृपा मी कमवायला निघाले होते, आणि ती कमवायची नसते एवढं समजायला मला म्हातारपण लागलं. ओझं सोडून द्यायचं असतं, त्याच्या हातात, सुमननं चुलीपाशी दिलं तसं, कामाच्या मध्येच, फार न सजवता. ज्यानं मला इतकी वर्षं सांभाळून घेतलं आणि शेवटी उन्हात उतरवून घरी नेलं, त्याचे मी आभार मानते. शनिवारी मी अजून देऊळ झाडते. आता धूळ असते म्हणून झाडते.