एकदाच विचारतात

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलो शहरात दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी परदेशी निघालेलं असतं, म्हणून माझं बॅगा दुरुस्तीचं दुकान चालतं. शेजारी पेतांगचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. तेही त्यामुळेच चालतं. सगळा चौक तिला मानांग म्हणतो, म्हणजे ताई. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, ती मला मानोंग, म्हणजे दादा म्हणते, तरी मीही तिला मानांगच म्हणतो. तिच्यापुढे मोठेपणा दाखवायची कुणाची छाती आहे?

निघणाऱ्याला शिदोरी द्यायची आमची रीत. पेतांगकडे लोक शिदोरीला पुस्तक न्यायला येतात. पण नुसतं "दुबईचं द्या" म्हणून भागत नाही. कोण चाललंय? जेवताना बोलतो की गप्प असतो? घरची आठवण सकाळी येते की संध्याकाळी? गिऱ्हाईक अर्धा तास उलटतपासणीत घामाघूम होतं. राजवाड्यांची, पुतळ्यांची पुस्तकं ती कुणाला देतच नाही. "पुतळा काय जेवायला वाढणार आहे?" म्हणते. ती देते तिकडच्या माणसांची पुस्तकं: ती माणसं पाहुण्याला काय विचारतात, घरात कुणी गेलं तर काय करतात, कशाला हसतात.

तिचा नवरा बोटीवर होता. चिलीकडे निघाला तेव्हा तिनं त्याच्या बॅगेत असंच एक पुस्तक घातलं होतं. अकरा महिन्यांनी बॅग आली, तो आला नाही. पुस्तकाच्या पानांच्या कडेला त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "हे खोटं आहे." "हे खरं." एका ठिकाणी, "इथे ब्रेड किलोवर मिळतो. तुला आवडला असता." तेव्हापासून तिचा नियम झाला. पुस्तक न्या, कडेला खरंखोटं लिहा, परत आणून द्या. ते मग पुढच्याला मिळतं. खलाशी, आया, नर्सा यांच्या अक्षरांनी तिची पुस्तकं भरलेली आहेत.

तर या बाईची एकुलती लेक रोवेना नर्स होऊन फिनलंडला निघाली. आणि हिला पुस्तकच निवडता येईना! रोवेना दर रविवारी विचारायची, "नानाय, मी जाऊ ना?" आईचं उत्तर ठरलेलं, "बघू." तीन महिने नुसतं बघू. व्हिसा आला, तिकीट आलं, तरी बघूच.

"अगं, पुस्तक दिलंस का पोरीला?" मी विचारलं.

"फिनलंडचं नाहीये माझ्याकडे."

"मानांग, या वयात खोटं बोलू नकोस. लाल पुठ्ठ्याचं आहे. गेल्या महिन्यात कुणा शिक्षिकेला दिलं म्हणालीस आणि माझ्यासमोर गल्ल्याखाली कोंबलंस."

"तुम्ही चेन दुरुस्त करा, मानोंग. लोकांच्या गल्ल्याखाली कशाला डोकावता?" तिनं हातानं ते पुस्तक आणखी आत सारलं. मला माझीच लाज वाटली. तिच्या नवऱ्याची बॅगसुद्धा मीच शिवून दिली होती.

मंगळवारी निरोपाचं जेवण होतं. तूर, फणस आणि डुकराच्या मांसाची आमटी, भात. पेतांगनं सगळ्यांना वाढलं आणि तीही जेवायला बसली. आमचं निम्मं जेवण झालं आणि विमानतळाच्या गाडीचा हॉर्न वाजला. रोवेना हात धुऊन उठली. तेव्हा पेतांगनं मांडीखालून लाल पुस्तक काढलं आणि न बघताच तिच्याकडे सरकवलं.

रोवेनानं मधलंच पान उघडलं. कडेला कुठल्याशा स्वयंपाकिणीचं अक्षर होतं. ती मोठ्यानं वाचू लागली, "इथे कॉफी असो की जेवण, एकदाच विचारतात. आपल्यासारखं दोनदा नको नको म्हणू नकोस. मी पहिला आठवडा उपाशी काढला."

सगळे खो खो हसले. कारण आमच्याकडे पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरट, हे सगळ्यांनाच ठाऊक. खाली पेतांगचं बारीक अक्षर होतं: "इंदाय, पोरी, लगेच हो म्हण. लाजू नकोस."

हे मात्र रोवेनाला मोठ्यानं वाचवेना. मला शेजारून दिसलं. तिनं पुस्तक मिटून छातीशी धरलं.

"नानाय, मीपण आता एकदाच विचारते हं. जाऊ?"

पेतांगच्या तोंडात घास होता. तो तिनं गिळलासुद्धा नाही.

"हो," म्हणाली.

जेवण अर्ध्यावर टाकून कुणी प्रवासाला उठलं, की आमच्याकडे मागे राहिलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी गोल फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. आम्ही सगळ्यांनी फिरवलं. गाडी कोपऱ्यावरून वळली, आवाज थांबला, बाकीचे परत जेवायला लागले. ताट एकदा फिरवलं की पुरतं. पेतांग आपलं ताट फिरवतच होती. आमटी कडेवरून सांडली, तरी फिरवत होती. मी तिचा हात धरला नाही. माझंही ताट मी परत एकदा फिरवलं.