विहिणीच्या चुलीवर मसुराचं सूप

अकोल्याला रेल्वेतून उतरले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे पिशवीतला स्वेटर काढून अंगात घातला. आम्ही सातारकर विदर्भ म्हटलं की फक्त उन्हाळा धरून चालतो. डिसेंबरातली इथली सकाळ कशी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एसटी स्टँडवर चहाच्या टपरीभोवती माणसं कानाला मफलर गुंडाळून उभी होती आणि बोलताना प्रत्येकाच्या तोंडून वाफ निघत होती.

मी मालेगावला निघाले होते. नाशिककडचं नव्हे, वाशीम जिल्ह्यातलं. माझी सून सामिना तिथली. ती आणि माझा मुलगा निखिल जर्मनीत नोकरीला असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिथेच लग्न केलं, आणि त्या दिवसापासून सामिनाची आई तिच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. वडील, रशीदभाई, अधूनमधून फोन करत. त्यांनीच मला बोलावलं होतं. म्हणाले होते, "एकदा या तुमी. तिची माय रागात आहे, पन घरी आलेल्या मानसाले ते टाकून बोलत नाई."

पातूर सोडल्यावर गाडी घाटाला लागली. सागाची पानं गळायला लागली होती. मेडशीच्या पुढे दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, शेंगांनी वाकलेल्या, आणि मधेच हरभऱ्याचे हिरवे तुकडे. शेजारी किन्हीराजाच्या एक बाई बसल्या होत्या, मांडीवर बोरांची टोपली घेऊन.

"कोनाच्या घरी चालल्या?" त्यांनी विचारलं.

"विहिणीकडे," मी म्हणाले. हा शब्द मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारत होते. "रजया भरतात ना, रशीदभाई पिंजारी, त्यांच्याकडे."

बाईंनी माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं. मग ओंजळभर बोरं माझ्या पदरात टाकून म्हणाल्या, "घ्या न. पहिल्यांदा चालल्या वाट्टे."

रशीदभाईंचं दुकान स्टँडपासून जवळच. थंडीचा मोसम, त्यामुळे दारापर्यंत कापसाचे ढीग. मला पाहताच ते लगबगीने उठले. दाढीत, भुवयांवर कापसाचे तंतू अडकलेले होते. "आल्या! या, या," म्हणत त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं.

आयेशाबी चुलीपाशी बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, सडसडीत, डोक्यावरून घट्ट ओढणी घेतलेल्या. "बसा बाई," म्हणाल्या. चहा दिला. प्रवास कसा झाला, विचारलं. साताऱ्यात पाऊस किती पडतो, विचारलं. लेकीबद्दल मात्र काहीच नाही. कोनाड्यात शाळेच्या गणवेशातला सामिनाचा फोटो होता. तो पुसलेला, स्वच्छ होता, एवढं मी पाहून घेतलं.

दुपार होत आली तरी अंगणातलं ऊन काही तापेना. आम्ही दोघी मिळून वाटाणे सोलत बसलो. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "तिथं थंडी लई राह्यते म्हनतात."

"खूप. मी गेले होते तेव्हा खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ होता."

"मंग ते खाते काय?"

मी सांगितलं, "मसुराचं सूप. त्यात सॉसेज घालते. सॉसेज म्हणजे खिमा मसाला लावून आतड्याच्या नळीत भरतात. संध्याकाळी कामावरून आली की मोठ्या पातेल्यात करते, दोन दिवस पुरतं."

"अन् मटन कुठून आनते?"

हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक होतं. त्याच भीतीने पुण्यातून सॉसेज आणायचा मोहही मी टाळला होता. "तिथे एका तुर्की माणसाचं दुकान आहे. हलाल मिळतं. लांब आहे, बस बदलून जावं लागतं. निखिल म्हणतो घराजवळून आणू, पण ती ऐकत नाही. तिथूनच आणते."

आयेशाबींचे हात थांबले. मग त्यांनी वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं आणि दुकानाकडे तोंड करून हाक मारली, "अजी, खिमा आनता का?" आणि मला म्हणाल्या, "करून दाखवा. कसं करते ते."

मी पदर खोचला. कांदा, लसूण, गाजर तेलात परतलं. खिमा येईपर्यंत भिजवलेला अख्खा मसूर, बटाट्याच्या फोडी, तेजपान घालून पाणी ओतलं. "सांबार लागते का?" त्यांनी विचारलं. मी गोंधळले, इडलीबरोबरचं सांबार यात कशाला? त्यांनी कोथिंबिरीची जुडी पुढे केली. वऱ्हाडात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात.

आतड्याची नळी काही घरात नव्हती. मी खिम्याला मीठ-मिरी लावून बोटाएवढ्या वळकट्या केल्या आणि उकळत्या सुपात सोडल्या. बघता बघता त्या विरघळल्या. पातेल्यात गढूळ लापशी झाली.

"हे असंच राह्यते का?" आयेशाबींनी गंभीरपणे विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले, "हे बिघडलं."

आणि त्या हसल्या. तोंडावर ओढणी धरून, खांदे हलेपर्यंत. मलाही हसू आवरेना. दुकानातून रशीदभाई डोकावले आणि काही न विचारता परत गेले.

उरलेल्या खिम्यात त्यांनी डाळवं (फुटाण्याची डाळ) कुटून घातलं, चांगलं मळलं, वळकट्या तव्यावर लाल भाजल्या आणि मगच सुपात सोडल्या. वरून मी लिंबू पिळलं. चुलीजवळच बसून आम्ही तिघांनी वाट्या तोंडाला लावल्या. मसूर दाट झाला होता. गरम घोट छातीतून खाली उतरताना कळत होता.

"मिरची काहून नाई घालत ते?" आयेशाबींनी विचारलं.

"निखिलला सोसत नाही."

"असं." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "अन् त्या वळकट्या कुठं सुटतात का तिच्या?"

"दुकानात मिळाल्या नाहीत की घरी करते. तेव्हा सुटतात. माझ्यासारख्याच."

त्यांनी भांडी आवरली, चुलीतली लाकडं मागे ओढली. मी पिशवी भरायला घेतली, तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तिले सांगजा, खिम्यात..." आणि थांबल्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "नाई. तुमी नका सांगू. मीच सांगतो. लावा फोन."

मी घाईघाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं. सामिनाने उचलला, "बोला आई," म्हणाली, आणि मी फोन आयेशाबींच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. पलीकडून "आई? आई, ऐकू येतंय का?" चाललं होतं. मग त्या त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "खिमे में डालवा कूट के डाल, बेटा. फिर नहीं खुलता."

पलीकडून जे ऐकू आलं ते रडणं होतं.

"रो मत," आयेशाबी म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा आवाज फाटला होता. "रो मत, सुन. पहले तवे पे सेंक ले."

मी अंगणात जाऊन उभी राहिले. रशीदभाई कापसाच्या ढिगापाशी पाठमोरे बसून डोळे पुसत होते. आतलं बोलणं चालू राहिलं. अकोल्याची एक गाडी गेली, मी पुढच्या गाडीने निघाले.

परतीच्या वाटेवर घाटात अंधारून आलं. जाताना भीती होती ती ही, की मी दोन घरांमधला दुवा व्हायला निघालेय आणि मला ते जमणार नाही. खरं तर माझं काम फारच थोडं होतं. त्या घरात लेकीसाठी जागा राखलेली होती. बोलायला निमित्त तेवढं नव्हतं.

साताऱ्याला पोचल्यावर, सुखरूप आले हे कळवायला मी सामिनाला फोन लावला. लाइन व्यस्त होती. आंघोळ करून पुन्हा लावला, तरी व्यस्त. मालेगावचाच फोन असणार. मी मसूर भिजत घातला आणि त्या दिवशी परत लावलाच नाही.