कुमुदताईच्या पर्समधली डबी

रेवाचा फोन आला तेव्हा मी खमंग काकडीसाठी काकडी कोचवत होते. मे महिन्यातला शनिवार, सकाळचे दहा वाजलेले. रेवा ही माझ्या मैत्रिणीची, कुमुदताईची एकुलती एक मुलगी. ती मिनेसोटात ईडन प्रेरीला राहते आणि शनिवारी सकाळी कधीच फोन करत नाही, कारण तेव्हा तिच्या मुलांचा सॉकर असतो. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसल्याबरोबर मी सुरी खाली ठेवली. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. इथल्या, आमच्या कॅरी गावच्या फार्मर्स मार्केटमध्ये स्ट्रॉबेरी निवडता निवडता कुमुदताई खाली बसली ती उठलीच नाही. कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली, हॉस्पिटलनं रेवाला कळवलं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि मग जरा थांबून विचारलं, "मावशी, तुला कधी काही बोलली होती ती? अबाउट हर हार्ट? डॉक्टर म्हणतात, दुखणं जुनं होतं. शी मस्ट हॅव नोन."

मी म्हटलं, "नाही गं. मला काहीच माहीत नाही."

हे खोटं होतं. दहा महिन्यांपासून मला सगळं माहीत होतं. पण त्या क्षणी तोंडातून 'नाही' निघून गेलं, आणि एकदा निघालेलं 'नाही' परत घ्यायला जे धैर्य लागतं ते माझ्याकडे कधीच नव्हतं. पुढचे काही आठवडे मी त्या एका शब्दाखाली दबून राहिले. फोन वाजला की आधी नाव बघायचे. रेवाला कुठून तरी कळलं तर... ती विचारील, मावशी, तू आधी सांगितलं असतंस तर माझी आई आज असती का?

मी जन्मजात भित्री. नागपूरच्या आमच्या घरात मी पाल दिसली म्हणून शेजारच्यांकडे झोपायला जायचे. कुमुदताई माझ्या अगदी उलट. मूळची सांगलीची, सत्तरच्या दशकाच्या शेवटी डॉक्टर म्हणून अमेरिकेत आली, भूलतज्ज्ञ म्हणून चाळीस वर्षं काम करून निवृत्त झाली. मंडळाच्या गणपतीत पहिल्यांदा भेटली तेव्हा मी प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं उचलायला घाबरत होते. तिनं ते एकटीनं उचललं आणि मला म्हणाली, "तू दार धर, तेवढं जमेल ना?" तेव्हापासून वीस-बावीस वर्षं मी तिच्यासाठी दारंच धरत आले. तिचे यजमान गेल्यावर तिनं उन्हाळ्यातल्या शनिवारांचा नेम धरला. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. कधी डोंगराकडे, कधी समुद्राकडे, आणि जिथे जाऊ तिथलं, तिथल्या माणसाच्या हातचं खायचं. हायवेच्या कडेला उकडलेल्या शेंगांचा ठेला दिसला की ती इंडिकेटर न देता गाडी वळवायची आणि मी शेजारच्या सीटवर नसलेला ब्रेक दाबायचे. शेंग फोडून तोंडात टाकायची आणि निकाल द्यायची, "मीठ बरोबर, पण सांगलीची सर नाही." आणि इतकं करून पर्समध्ये मेतकुटाची पुडी असायचीच. परक्या मुलखात पोटाचं काय सांगावं, म्हणायची.

गेल्या वर्षी जुलैतली इटलीची सहलसुद्धा तिनं याच हिशेबानं ठरवली. टूरच्या बसमध्ये बसून झेंड्यामागे धावायचं नाही. बोलोन्याला आठ दिवस एक फ्लॅट घ्यायचा, कारण तिथून चहूकडे रेल्वे जातात, आणि रोज एक गाव करून परत यायचं. माझा नवरा म्हणाला, तुम्ही दोघी जा, मला इथं काम आहे. रेवा मात्र काळजीत होती. आई पंचाहत्तरीची. ती मुद्दाम मिनेसोटाहून आली, आईची बॅग तिनं स्वतः भरली, बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या वारांच्या खणांत स्वतः घातल्या. तिनं आपल्या घरचं बेसमेंटही आईसाठी बांधून घेतलं होतं, स्वतंत्र बाथरूम, छोटं किचन. कुमुदताई त्याबद्दल एवढंच म्हणायची, "बेसमेंट फार छान आहे. खिडकी तेवढी वर आहे."

पहिले चार दिवस फार सुखाचे गेले. मोदेनाला एका घराच्या माळ्यावर व्हिनेगरची पिंपं ओळीनं मांडलेली होती. घरमालकीणबाईंनी चमचाभर दाट काळा रस आमच्या जिभेवर घातला. कुमुदताईनं त्याचं वय विचारलं, आणि ते रेवापेक्षा मोठं निघाल्यावर चमचा परत पुढे केला. फेराराला लाल भोपळ्याचं सारण भरलेले, कडबूसारखे पास्त्याचे मोठाले तुकडे खाल्ले. वरून लोणी, आतून गोड, आणि जायफळाचा वास. मी म्हटलं हे जेवण आहे की पक्वान्न, तर ताई म्हणाली, "अगं, पुरण म्हण आणि खा." बोलोन्याच्या मंडईत मी पीच हातात घेऊन दाबून बघितले तर फळवाली माझ्या अंगावर ओरडली. तिथं गिऱ्हाइकानं माल हाताळायचा नसतो. माझं तोंड एवढंसं झालं, आणि ताईनं त्याच बाईकडून हातवारे करून दोन किलो पीच घेतले, वर तिच्याशी हसलीसुद्धा.

पाचव्या दिवशी रावेन्नाला जायचं होतं. पारा चाळीसच्या आसपास जाणार म्हणून सगळीकडे इशारे लागले होते. सकाळी मी पाण्याच्या बाटल्या ठेवायला ताईची पर्स उघडली तर त्यात हिंगाची डबी. पिवळी, प्लास्टिकची, आपली नेहमीची. मला हसू आलं. मेतकूट ठीक, पण बाई हिंग घेऊन रावेन्नाला निघाली. शिवाय त्या उन्हात पर्सभर वास सुटेल, रेल्वेत लोक नाकं मुरडतील, पोलीस पावडर कसली म्हणून विचारतील, असं सगळं माझ्या डोक्यात पाच सेकंदांत येऊन गेलं. मी डबी काढली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाशेजारी ठेवून दिली. हिंगाची जागा तीच ना.

गाडी सुटली. बाहेर सूर्यफुलांची शेतं होती. ताई खिडकीबाहेर बघत होती आणि तशीच बघत म्हणाली, "नंदा, एक सांगून ठेवते. घाबरायचं नाही." हे वाक्य ऐकून न घाबरणं मला आजवर जमलेलं नाही. तिच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या बऱ्याच बंद झाल्या होत्या. मार्चमध्ये कळलं होतं. ऑपरेशन करा म्हणत होते, तिनं उन्हाळ्यानंतर बघू म्हणून सांगितलं होतं. रेवाला पत्ता नव्हता. "छातीत दुखलंच तर माझ्या पर्समध्ये हिंगाची डबी आहे. आत काचेची छोटी बाटली आहे. त्यातली एक गोळी जिभेखाली ठेवायची. रेवा माझी सगळी औषधं तपासते, पण हिंग कोण उघडून बघतंय?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पुढच्या स्टेशनावर उतरून परत गेलो असतो, एक दिवस वाया गेला असता, इतकंच. पण ती रागावेल, मला वेंधळी म्हणेल, या भीतीनं मी ब्र काढला नाही. एका दिवसात काय होतंय, असं मनाला समजावलं. पुढचा तासभर मी तिच्या छातीकडे बघत बसले.

रावेन्नात एक छोटी, दीड हजार वर्षांची विटांची इमारत आहे, बाहेरून अगदी साधी. आत एका वेळी थोड्याच लोकांना पाच मिनिटं सोडतात. डोळे अंधाराला सरावले की वर गर्द निळं छत दिसतं, त्यावर सोनेरी तारे, सगळे बारीक काचतुकड्यांचे. लोक आपोआप गप्प होतात. ताई मान वर करून बघत होती. मग तिनं हळूच माझा दंड धरला आणि म्हणाली, "बाहेर जाऊ." बाहेर झाडाखाली बाक होता. ती बसली, चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. "पर्स दे." तिनं हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"ताई," मी म्हटलं, "मी ती घरी काढून ठेवली. मला वाटलं हिंग आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हॉस्पिटलमध्ये बोलत असेल तशा आवाजात म्हणाली, "बरं. मग आता बसू या. दहा मिनिटांत कमी झालं नाही तर ॲम्ब्युलन्सला फोन लाव." मी नंबर लावून बोट बटणावर धरून बसले. दहा मिनिटांनी तिनं आणखी दहा मिनिटं मागून घेतली. माझं ऐकायची तिला सवय नव्हती आणि मला हट्ट धरायची. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिचं दैव, बाकी काही नाही. मी त्यात काहीही बरोबर केलं नव्हतं.

परतताना गाडीत तिनं माझ्याकडून शब्द घेतला. रेवाला सांगायचं नाही. "ती मला त्या बेसमेंटमध्ये नेऊन ठेवील. प्रेमानंच ठेवील. पण मला वर बघत दिवस मोजायचे नाहीत." मी शब्द दिला. लोकांना वाटेल, मैत्रीखातर दिला. थोडा तसाही दिला. पण खरं सांगायचं तर, तिचं गुपित फुटलं असतं तर माझ्या डबीचंही फुटलं असतं, आणि मला तेही नको होतं. ऑपरेशन तिनं पुढं ढकललं ते ढकललंच. दिवाळीनंतर, मग थंडी सरल्यावर, मग स्ट्रॉबेरीचे दिवस झाल्यावर. कॅरीत परत आल्यावर हे सगळे महिने मी जीव मुठीत धरून काढले. तिनं फोन उचलायला उशीर केला की गाडी काढून तिच्या दारात जायचे. ती दार उघडून म्हणायची, "आहे मी अजून. चहा घेणार का?"

जूनमध्ये रेवा चार दिवस घर आवरायला आली. पहिले दोन दिवस मी डबे नेऊन दिले आणि काहीतरी कारण काढून पळाले. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात जमिनीवर खोके घेऊन बसली होती. वर न बघता म्हणाली, "मावशी, तिची बॅग मी भरली होती. पिलबॉक्स मी भरला होता. मी रोज रात्री तेच आठवते. आय मिस्ड समथिंग. काहीतरी माझ्यासमोर होतं आणि मला दिसलं नाही."

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. माझ्या एका 'नाही'मुळे ही पोर स्वतःला दोष देत होती. मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. ओट्याला धरून एकेक सांगत गेले. मार्चचं, डबीचं, गाडीतलं, बाकावरचं, दिलेल्या शब्दाचं.

"यू न्यू," ती म्हणाली. "आणि फोनवर मला नाही म्हणालीस."

"हो."

"व्हाय?"

"घाबरले. तुला."

ती उठून मागच्या डेकवर गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. मी तिथून निघून जाऊ शकले असते, गाडीची किल्ली हातात होती. गेले नाही, एवढंच काय ते मी त्या दिवशी केलं. बऱ्याच वेळानं ती आत आली आणि परत खोक्यांजवळ बसली.

"वॉज शी स्केअर्ड? खरं सांग."

माझ्या ओठांवर 'नाही' तयारच होतं. सगळ्यांना आठवत असलेली कुमुदताई तिला द्यायला किती सोपं होतं... पण मी म्हटलं, "हो. खूप घाबरली होती. माझा हात धरून म्हणाली, नंदा, बोलत राहा, काहीही बोल, थांबू नकोस. मला काही सुचेना. मी तिला साबुदाण्याच्या खिचडीची कृती सांगत बसले. तिला येत नाही का खिचडी? पण विचारत होती, दाण्याचं कूट किती घालायचं, बटाटा कधी. पूर्ण वेळ तिनं माझा हात सोडला नाही."

रेवा हातातलं खोकं बाजूला सारून म्हणाली, "ती पेशंट्सशी तसंच बोलायची. लहानपणी मी हॉस्पिटलमध्ये बघितलंय. झोप लागेपर्यंत बोलत राहायची, म्हणजे त्यांना भीती वाटू नये." तिनं डोळे पुसले. "माझ्यासमोर ती कधीच घाबरली नाही. नॉट वन्स. मला वाटायचं, तिला माझी गरज नाही. मग काय झालं? बाकावर?"

"मग तिला भूक लागली. तिथं भाकरीएवढी पातळ रोटी भाजून देतात, आत मऊ चीज आणि पाला. ताईनं खुणांनी विचारून डुकराची चरबी न घातलेली मागून घेतली. आपली संपवली आणि माझ्यातली अर्धी खाल्ली."

रेवा हसली, आणि हसता हसता रडू लागली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिनं माझा हात घेतला.

"मी तुझ्यावर रागावलेय, मावशी. आय विल बी, फॉर अ व्हाइल. पण आत्ता तू बोलत राहा. थांबू नकोस."

भीती अजून गेली नव्हती. पण मी बोलत राहिले.